ई-पुस्तक विकत घेतलं, पण लॅपटॉपवर उघडेना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोनवरची बारीक अक्षरं आता तिला झेपत नाहीत आणि घरात पंधरा इंची लॅपटॉप नुसता पडून आहे. पुस्तकं मात्र तीन ठिकाणी विखुरलेली. काही अमेझॉनच्या किंडलची, काही गूगल प्ले बुक्सची, आणि टोरांटोच्या भावाने कोबो या ई-पुस्तकांच्या दुकानातून घेऊन मेलने पाठवलेलं एक, जे काही केल्या उघडत नाही. सगळ्यांसाठी मिळून कुठलं एक सॉफ्टवेअर टाकू, असं विचारलंय तुम्ही.

तसं एक सॉफ्टवेअर नाही. मीही सुरुवातीला महिनाभर तेच शोधत होतो. फाईल ईपब (ई-पुस्तकांचा नेहमीचा फॉरमॅट) आहे की पीडीएफ, याच्याच मागे लागलो होतो. खरा प्रश्न पुस्तक कुठल्या दुकानातून आलं आणि त्यावरचं कुलूप, म्हणजे नक्कल रोखणारं डिजिटल बंधन (डीआरएम), कोणाचं, हा असतो. म्हणून आधी मेलमध्ये खरेदीची पावती शोधा, मग पुढचं.

किंडलच्या पुस्तकांना काही टाकायची गरज नाही. ब्राउझरमध्ये रीड डॉट अमेझॉन डॉट इन उघडा, खरेदीच्याच खात्याने आत जा, पुस्तकं दिसतील. खातं भारतातलं असेल तर शेवटी डॉट इनच हवं. डॉट कॉमवर जाऊन "माझी पुस्तकं गायब झाली" म्हणणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात. विंडोज आणि मॅकसाठी वेगळं ॲपही आहे, पण आईसाठी मी ब्राउझरच सुचवीन. अक्षरांच्या खुणेवर टिचकी मारून आकार वाढवा, एकच स्तंभ ठेवा आणि एफ ११ दाबा, म्हणजे वरच्या पट्ट्या जाऊन नुसतं पान उरतं. मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून किंडलवर आहेत, तरी प्रत्येक पुस्तक प्रत्येक ठिकाणी उघडेलच असं धरून चालू नका. घेण्याआधी त्याच्या पानावर कुठल्या उपकरणांवर चालेल ते बघायचं. आणखी एक. पूर्वी किंडलचं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने वाचनयंत्रात टाकता यायचं. ती सोय २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली. जुने व्हिडिओ बघून ते बटण शोधत बसू नका.

गूगल प्ले बुक्सही ब्राउझरमध्येच उघडतं. तिथे काही पुस्तकांना दोन रूपं असतात, एक वाहत्या मजकुराचं आणि एक छापील पानांच्या चित्रांचं. आईसाठी वाहता मजकूर घ्या, कारण चित्रात अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. पुस्तकाच्या तीन ठिपक्यांत एक्स्पोर्टचा पर्याय आहे. कुलूप नसेल तर सरळ ईपब किंवा पीडीएफ मिळतं. कुलूप असेल तर हाती येते एसीएसएम नावाची चिमुकली फाईल.

आता तुमच्या भावाच्या पुस्तकाकडे येऊ, कारण मेलने आलेली फाईलही एसीएसएमच आहे. ती तुम्ही वर्डमध्ये उघडायचा प्रयत्न केलात, नोटपॅडमध्ये केलात, तिथे नुसता कोड दिसला. दिसणारच. ते पुस्तक नव्हेच. ट्रान्सपोर्टची बिल्टी असते ना, तसं आहे हे. बिल्टी घेऊन गोदामात गेलात की खोका मिळतो, बिल्टीच फाडून बघितली तर आत कागदाशिवाय काय असणार? इथलं गोदाम म्हणजे अडोबी डिजिटल एडिशन्स हे फुकट सॉफ्टवेअर. ते टाका, हेल्प मेनूतून कॉम्प्युटर ऑथराइझ करा, म्हणजे अडोबी आयडीने (अडोबीच्या खात्याने) त्याची नोंद करा, मग एसीएसएमवर डबल क्लिक करा. खरं पुस्तक तेव्हा उतरतं आणि डॉक्युमेंट्समधल्या माय डिजिटल एडिशन्स फोल्डरमध्ये जाऊन बसतं.

ऑथराइझ करताना एक चौकट दिसते: आयडीशिवाय पुढे जायचं आहे. तिला हात लावू नका. मी लावला होता. नवा पासवर्ड कोण लक्षात ठेवणार, असं वाटलं. दोन वर्षांनी हार्ड डिस्क गेली. पुस्तकांचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, फायली सहीसलामत होत्या, पण नव्या मशीनवर एकही उघडली नाही. कुलूप त्या मेलेल्या कॉम्प्युटरच्या नावाने लागलेलं. चूक सर्वस्वी माझी, पण आठवलं की अजून चरफडतो. आयडी दिला असता तर तोच आयडी सहा उपकरणांपर्यंत चालला असता.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत जी लांबलचक इंग्रजी त्रुटी आहे, 'ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर युजर' असं शेपूट असलेली, तिचा अर्थ साधा आहे: ही बिल्टी कुणीतरी आधीच वटवली. बहुधा भावाने पाठवण्यापूर्वी सहज उघडून बघितलं, आणि पुस्तक त्याच्या अडोबी आयडीला बांधलं गेलं. तुम्ही नव्याने तुमचा आयडी काढून कितीही वेळा प्रयत्न केलात तरी तीच त्रुटी येणार. उपाय असा: डिजिटल एडिशन्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डी एकत्र दाबा, आधीचं ऑथरायझेशन पुसलं जाईल. मग भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन त्याच्या आयडीने ऑथराइझ करा. बिल्टीलाही मुदत असते, त्यामुळे मेलमधली जुनी न वापरता त्याला कोबोच्या खात्यातून ताजी उतरवून पाठवायला सांगा. एवढा खटाटोप नको असेल तर कोबोचं स्वतःचं कॉम्प्युटर ॲप आहे, त्यात भावाचं खातं घातलं की एसीएसएमची भानगडच उरत नाही.

कुलूप नसलेल्या ईपबचं मात्र वेगळं. पूर्वी विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये ईपब उघडायचं, ती सोय २०१९ मध्ये गेली, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं आपलंच काही बिघडलं. मी थोरियम रीडर वापरतो. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मराठीसाठी ते आवडायचं कारण म्हणजे जोडाक्षरं धड दिसतात. आधी एका जुन्या रीडरमध्ये 'स्त्री'चे तीन तुकडे होऊन ओळीवर पसरायचे आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटायच्या. पुस्तकांची संख्या वाढली तर कॅलिबर टाका. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आहे. पुस्तकं लावून ठेवायला आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायला त्याला तोड नाही. अडोबीचं कुलूप मात्र थोरियमही उघडत नाही आणि कॅलिबरही.

कुलूप तोडायची साधनं कुठे मिळतात, हे मला विचारू नका. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली अशी कुलपं तोडण्याविरुद्ध कलम ६५अ आलं, त्यात हेतू बघितला जातो वगैरे वाद आहेत, पण त्या वादात पडण्यापेक्षा मी खरेदी करतानाच बघून घेतो. कोबोच्या पानावर खाली डाउनलोडच्या रकान्यात कुलूप आहे की नाही ते लिहिलेलं असतं, गूगलवर कंटेंट प्रोटेक्शनच्या ओळीत. दोन दुकानांत तेच पुस्तक असेल तर बिनकुलुपाचं घ्यायचं, वीस-तीस रुपये जास्त पडले तरी. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तकं त्या जुलैपासून उघडेनाशी झाली.

काही मराठी दुकानं फक्त मोबाइल ॲप देतात. त्यांची पुस्तकं लॅपटॉपवर वाचायचा सरळ मार्ग नाही. फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवायला गेलात तर काही ॲप्स काळा चौकोन दाखवतात. तिथे पैसे घालण्याआधी त्यांना एक मेल टाकून विचारा.

पैसे घालण्याआधी आईचा हात बसायला हवा असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर त्यांची बरीच पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. आणि ब्राउझरच्या मेनूतून किंडल आणि गूगलच्या पानांचे शॉर्टकट काढून डेस्कटॉपवर ठेवा, नावं मराठीत द्या. माझ्या आईच्या लॅपटॉपवर एकाचं नाव 'पुस्तकं' आहे आणि दुसऱ्याचं 'आणखी पुस्तकं'. भावाशी बोलून ती बिल्टी पुन्हा वटवून बघा, आणि त्रुटी बदलली तर नवा फोटो टाका.