पिल्लू फुकट, पण बिल किलोवर

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दोघांचे मिळून ७२ हजार हातात येतात. घराचा हप्ता २३ हजार, सगळं जाऊन महिन्याला १२ हजार उरतात. मुलगी सातवीत. मिस्टरांच्या अंबडमधल्या सहकाऱ्याच्या दिंडोरीच्या मळ्यात लॅब-शेफर्ड (लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड) क्रॉसची कुत्र्याची पिल्लं झालीत, एक फुकट देतोय. मुलगी हट्टाला पेटलीय. घ्यावं का?

ताई, आधी ‘फुकट’ या शब्दावर काट मारा. हे पिल्लू ३० ते ३५ किलोवर सहज जाईल आणि कुत्र्याची जवळपास सगळी बिलं किलोवर निघतात. जंताची गोळी साधारण दहा किलोला एक. गोचिडाची गोळी वजनाच्या गटाप्रमाणे. भूल, सलाईन, सगळं आधी काट्यावर उभं करून. शेजारच्यांच्या पॉमेरेनियनवरून अंदाज बांधला असेल तर तो सोडून द्या.

माझा महिन्याचा अंदाज असा : खाणं ४,०००, लस-जंत-गोचीड मिळून १,०००, आजारपण आणि दिवाळीत गावी जाताना त्याला ठेवायचं बोर्डिंग यांसाठी १,५००. झाले साडेसहा हजार, म्हणजे तुमच्या शिलकीतले निम्म्याहून जास्त. वर्षाला ७८ हजार. मोठे कुत्रे साधारण दहा-बारा वर्षं जगतात. ११ वर्षं आणि ६ टक्के महागाई धरली तर साडेअकरा लाखांच्या वर जातं.

पण मी अडलो तो या आकड्यावर नाही, कॅलेंडरवर. मुलगी बारावी होईल तेव्हा हे पिल्लू सहाच्या आसपास असेल, तिचं कॉलेज संपताना दहाचं. मोठ्या अंगाचं कुत्रं सात-आठ वर्षांनंतर म्हातारं व्हायला लागतं. म्हणजे तिची फी आणि त्याचं दुखणं एकाच चार वर्षांत दारात येणार.

‘क्रॉस आहे, आजार कमी’ असं तो सहकारी सांगेलच. ते अर्धं खरं. वेगळ्या रक्ताचा फायदा काही आजारांत होतो, पण लॅब आणि शेफर्ड दोघांतही खुब्याच्या सांध्याचं दुखणं आढळतं. तिथे क्रॉस करून काय मिळवलं? आमचा ३६ किलोचा कुत्रा शेवटच्या वर्षी जिने उतरेना. मी आणि माझा भाऊ त्याला चादरीच्या झोळीत घालून तीन मजले खाली न्यायचो, तो मधल्या वळणावर माझा हात चाटायचा. त्या वर्षीचा खर्च मी कधी जोडून पाहिला नाही, आणि माझा धंदाच तो आहे.

विमा मिळतो, पण वयाची अट असते, आधीचे आजार सहसा वगळलेले असतात, आणि घरच्यांच्या आरोग्य विम्यासारखी करसवलत नाही.

फायदे? संध्याकाळी घरातलं कोणीतरी मोबाईल ठेवून तासभर चालायला जाईल. त्याचे पैसे मला लावता येत नाहीत. राखणीचं म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावर काय राखायचंय!

माझं मत : हे पिल्लू नको. घरात कुत्रं हवंच असेल तर दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं गावठी बघा, पंधरा-अठरा किलोचं. त्याची उंची-वजन डोळ्यांसमोर असतं. पिल्लाचे पंजे बघून नुसता अंदाज करायचा, आणि तो बहुधा कमीच निघतो.

तरीही दिंडोरीचंच आणायचं ठरलं, तर पहिल्याच महिन्यापासून २,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा आणि सात वर्षं तिला हात लावू नका. मुद्दलच १ लाख ६८ हजार होईल. साडेसहा आणि हे दोन धरून तुमच्याकडे साडेतीन हजार उरतात. मुलीच्या शिक्षणाची एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) त्या १२ हजारांतूनच जात असेल, तर उत्तर तिथेच मिळालं.

आणि ठरेपर्यंत मुलीला मळ्यावर नेऊ नका. पिल्लू एकदा तिच्या मांडीवर झोपलं की माझा हा कागद घरात कोणी वाचणार नाही.