जेवणासाठी मुलाला बक्षीस लावणं म्हणजे कुत्र्याला बिस्किट दाखवण्यासारखंच आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सात वर्षांचा, मोबाइल समोर असल्याशिवाय घास घेत नाही. नणंद म्हणते तक्ता कर, चांदण्या चिकटव, बक्षीस ठेव. मिस्टर म्हणतात, तो आपला मुलगा आहे, कुत्रा नाही. कोणाचं ऐकायचं?

मी गेली अकरा वर्षं ठाण्यात, मुख्यतः घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये, घरोघरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. त्याआधी मानसशास्त्रात एम. ए. केलं, आणि घरी नऊ वर्षांची लेक आहे. तुमच्या मिस्टरांना काय खटकतंय ते मला कळतं. पण शिकण्याचे काही मूळ नियम कुत्र्याला, कबुतराला आणि आपल्या पोरांना सारखेच लागू पडतात. आपण मानले नाहीत म्हणून ते थांबत नाहीत. तुमच्या घरात बक्षीस आजही चालूच आहे. ते कशाला मिळतंय, तेवढं बघा.

रात्रीचं जेवण डोळ्यांसमोर आणा. ताट वाढलं. तो तोंड फिरवतो. तुम्ही दोनदा सांगता, तिसऱ्यांदा आवाज चढतो, तो रडायला लागतो आणि शेवटी दमून तुम्ही मोबाइल पुढे सरकवता. मोबाइल कशाच्या पाठोपाठ आला? रडण्याच्या. त्याच्या लेखी धडा अगदी सरळ आहे. आणि त्याच क्षणी तुम्हीही एक धडा घेतलात, कारण मोबाइल दिल्याबरोबर रडणं थांबलं, घर शांत झालं. ज्या कृतीमुळे नकोशी गोष्ट थांबते, ती कृती आपण पुन्हा करतो. याला ऋण प्रबलन म्हणतात (पुष्कळ लोक याचा अर्थ शिक्षा असा घेतात, तो चूक आहे). म्हणजे तुम्ही त्याला शिकवताय तेवढंच तो तुम्हाला शिकवतोय, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नाही. यात तो लबाड ठरत नाही आणि तुम्ही वाईट आई ठरत नाही.

दुसऱ्या एका प्रकारचं शिकणं शरीरातच मुरतं, त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. रशियातले इव्हान पावलॉव्ह पचनावर काम करत होते. १९०४ चं नोबेलही त्यांना पचनाच्याच अभ्यासासाठी मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजताना त्यांच्या लक्षात आलं की अन्न तोंडात पडायच्या आधी, अन्न आणणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते. मग मेट्रोनोमची (ताल धरणाऱ्या यंत्राची) टिकटिक आणि लगेच अन्न, असं पुन्हापुन्हा केल्यावर नुसत्या टिकटिकीनेही लाळ सुटू लागली. घंटेची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्यांच्या प्रयोगांत मेट्रोनोम, बझर असं बरंच काही होतं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत याचं नाव अभिजात अभिसंधान. ठाणे स्टेशनबाहेर कढईत वडा सोडल्याचा चर्र आवाज आला की भूक नसतानाही तोंडाला पाणी सुटतं, ते हेच. तुमच्या मुलासाठी मोबाइलचा पडदा ही जेवणाची खूण होऊन बसली आहे.

भीतीही अशीच जोडली जाते. कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर ब्रुनो नावाचा लॅब्रॅडॉर आहे. एका पावसाळ्यात तो आणि घरातल्या काकू लिफ्टमध्ये अडकले. अर्धा तास अंधार आणि वाजत राहिलेला अलार्म. त्यानंतर तो लिफ्टमध्ये पाऊल टाकेना. आठवड्याभरात लिफ्टचा 'टिंग' ऐकूनच मागे सरायला लागला, आणि पुढे तर खुंटीवरचा पट्टा हातात घेतला तरी पलंगाखाली जाऊन बसायचा. काकूंचा मुलगा त्याला दिवसातून दोनदा जिन्याने उतरवून पुन्हा वर आणत होता. सोसायटीतल्या कोणीतरी सांगितलं, ओढून आत घाला, दोन दिवसांत सरळ होईल. ओढून घातला तेव्हा त्याने लिफ्टमध्येच लघवी केली.

मी गेले तेव्हा उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे डब्यात घेतले आणि लिफ्टपासून लांब, त्यांच्या घराच्या दारातच बसले. टिंग वाजलं की एक तुकडा. आधी आवाज, मग तुकडा. क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत फुकट. पहिल्या दिवशी दहा मिनिटं एवढंच केलं. खूप घाबरलेला कुत्रा खात नाही, आणि हीच माझी मोजपट्टी असते. त्याने तुकडा नाकारला, जांभई दिली, सारखे ओठ चाटले, की आपण फार जवळ आलो असं समजून दोन पावलं मागे यायचं. चौथ्या दिवशी टिंग वाजलं आणि ब्रुनोने लिफ्टकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं. शेपटी एकदाच हलली. आवाज तोच होता, त्याचा अर्थ बदलला होता. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मग उघड्या दारासमोर, मग पुढचे दोन पाय आत, मग दार उघडं ठेवून आत बसणं, मग एकच मजला. पंचवीस दिवस लागले.

ही रीत शंभर वर्षांची आहे. १९२० मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अल्बर्ट नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवून त्याच्यामागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटला. काही वेळा असं केल्यावर बाळ नुसत्या उंदराला बघून रडू लागलं, आणि पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही. ती भीती न काढताच त्या बाळाला जाऊ दिलं, हे वाचताना मला आजही राग येतो. पण १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी उलटी वाट दाखवली. सशाला घाबरणारा छोटा पीटर आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा आधी लांब ठेवायचा, मग हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. माझ्या डब्यातल्या चिकनच्या तुकड्यांमागे या बाईंचं काम आहे.

यावरून जेवणाबद्दल एक सांगते, ते मनावर घ्या. मळमळ आणि चव यांची गाठ फार पटकन बसते, कधीकधी एकदाच झालं तरी, आणि मध्ये काही तास गेले तरी. जॉन गार्सिया यांनी १९६६ मध्ये उंदरांवर दाखवलं की मळमळ चवीशी जोडली जाते, आवाजाशी किंवा प्रकाशाशी तशी जोडली जात नाही. मुलाच्या तोंडात घास कोंबला, त्याला उमळून आलं, की ती भाजी वर्षानुवर्षं नकोशी होऊ शकते. रडत्या पोराला भरवू नका.

आता हट्टाकडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगातले उंदीर कळ दाबायचे आणि खाण्याची गोळी मिळवायचे. गोळ्या ते स्वतः बनवत. एका शनिवारी त्यांच्या लक्षात आलं की साठा सोमवार सकाळपर्यंतच पुरेल. मग त्यांनी दर दाबाला गोळी द्यायचं सोडून मिनिटाला एकच द्यायला सुरुवात केली. उंदीर दाबतच राहिले. पुढे वर्षानुवर्षं यावर काम करून त्यांनी आणि त्यांचे सहकारी फर्स्टर यांनी १९५७ मध्ये मोठा ग्रंथ काढला. बक्षीस कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसला, की सवय कमालीची चिवट होते. जुगाराची यंत्रं याच्यावरच चालतात. आणि आपल्या घरात? सहा दिवस 'नाही' म्हटलं, सातव्या दिवशी पाहुणे होते म्हणून मोबाइल दिला. त्या सातव्या दिवसाने आधीचे सहा दिवस पुसले जातात, वर पोराला कळतं की चिकाटी धरली की मिळतं.

म्हणूनच बंद करायचं तर पूर्ण बंद, आणि रडणं कमी होण्याआधी वाढेल याची तयारी ठेवून. माझी लेक पाच वर्षांची असताना आम्ही यातून गेलोय. चौथ्या रात्री तिने वाटी भिरकावली, वरण भिंतीवर उडालं. सासूबाई मोबाइल हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "पोर उपाशी झोपेल गं," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, आज दिला तर उद्या ती वाटी फेकूनच मागेल." त्यांनी काही न बोलता मोबाइल पदराखाली घेतला. त्या रात्री सगळ्यात अवघड काम त्यांनी केलं. लेक रडत झोपली आणि सकाळी दुधात कुस्करून दोन पोळ्या खाल्ल्या. सहाव्या रात्री तिने मोबाइलचं नाव काढलं नाही. मे महिन्यात गावाहून आल्यावर हट्ट पुन्हा डोकावला, पण दोन दिवसांत विरला. असं डोकावणं पावलॉव्ह यांनाही कुत्र्यांत दिसलं होतं, तेव्हा घाबरू नका.

मारण्याबद्दल फार लिहीत नाही. मार काय करू नये एवढंच सांगतो, काय करावं ते सांगत नाही, आणि मारणाऱ्याचा चेहराच भीतीची खूण बनतो.

राहिला चांदण्यांचा तक्ता. इथे मिस्टरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, स्केचपेनने आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधीच सांगून ते दिलं. काही दिवसांनी तीच मुलं स्वतःहून चित्रं काढण्यात इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवताना दिसली. म्हणून जे मूल आपखुशीने करतं त्याला बक्षीस चिकटवू नये, असं माझं ठाम मत आहे. जे तो अजिबात करत नाही, त्यासाठी थोडे दिवस तक्ता चालेल, आणि सवय लागली की तो भिंतीवरून उतरवायचा. दुसरं म्हणजे मूल बघूनही शिकतं. १९६१ मध्ये अल्बर्ट बांडुरा यांच्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला बडवताना बघून मुलांनीही ती तशीच बडवली, कोणतंही बक्षीस नसताना. जेवणाच्या टेबलावर तुमचा किंवा मिस्टरांचा फोन असेल, तर वरचं सगळं व्यर्थ आहे.

तुमच्या जागी मी असं करीन: सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत, ताटात रोजच्या निम्मं, आणि त्याने स्वतःच्या हाताने घास घेतला की त्याच क्षणी त्याच्याकडे बघून त्याच्या शाळेबद्दल, क्रिकेटबद्दल, त्याला आवडेल ते बोलायचं. तोंड फिरवलं तर ओरडायचं नाही, समजावायचं नाही, आपण जेवत राहायचं. तुमचं लक्ष हे त्याला चॉकलेटहून मोठं आहे. वीस मिनिटांनी ताट उचला. मधे बिस्किटं नकोत. वजन घटत असेल किंवा घास गिळताना त्रास होत असेल, तर हे काही करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि घरातल्या प्रत्येकाशी आधी बोलून घ्या, नणंदेशीसुद्धा. आजी-आजोबा राहायला येणार असतील किंवा घरात लग्नकार्य असेल, तर तो आठवडा जाऊ द्या आणि नंतरच्या सोमवारी सुरू करा.