बेस-६४ : ‘कूटबद्ध’ की ‘लिपिबद्ध’?

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका तरुणाचा प्रश्न आहे. पायथन या संगणकीय भाषेतल्या बेस-६४ मॉड्यूलवर (तयार कोडच्या संचावर) तो मराठीत टिपण लिहितोय. बेस-६४ म्हणजे फोटोसारखा कुठलाही डेटा ६४ साध्या चिन्हांत लिहिण्याची पद्धत. ‘हे मॉड्यूल बायनरी डेटा कूटबद्ध करते’ असं त्याने लिहिलं, तर वडील म्हणाले, कूट म्हणजे दडवलेलं. इथे काय दडवलंय? मग ‘सांकेतिक करते’ म्हणावं, की सरळ ‘एन्कोड करते’?

वडिलांचं बरोबर आहे. कूटप्रश्न, कूटनीती, कूटलेख या सगळ्या शब्दांत काहीतरी मुद्दाम झाकलेलं असतं. म्हणूनच एन्क्रिप्शनला, म्हणजे मजकूर किल्लीने कुलूपबंद करण्याला, ‘कूटबद्ध करणे’ शोभतं. तिथे किल्ली लागते, ती नसेल तर वाचता येत नाही. बेस-६४ला किल्लीच नाही. तीन बाइट घ्यायचे, म्हणजे २४ बिट (बिट म्हणजे ० किंवा १, असे आठ मिळून एक बाइट). त्यांचे सहा-सहाचे चार गट पाडायचे. सहा बिटांत ६४ शक्यता मावतात, म्हणून प्रत्येक गटाला ६४ चिन्हांपैकी एक द्यायचं: रोमनची २६ मोठी अक्षरं, २६ लहान, दहा अंक, अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ. शेवटी बाइट कमी पडले तर बरोबरच्या (=) चिन्हाने जागा भरायची. हा तक्ता जगजाहीर आहे. जुनी ईमेल-व्यवस्था फक्त सात बिटांच्या साध्या मजकुरासाठी बांधलेली होती. फोटो किंवा दस्तऐवज तसाच पाठवला तर वाटेत मोडायचा. तो धड पोचावा एवढाच यामागचा हेतू. त्यासाठी आकार एक तृतीयांशाने वाढतो, तेही चालवून घेतलं.

शब्द चुकला तर समजही चुकते. ‘कूटबद्ध’ वाचून एखादा नवशिका पासवर्ड नुसता बेस-६४ करून ठेवेल आणि तो सुरक्षित आहे असं मानेल. तो कोणालाही क्षणात वाचता येतो.

‘संकेत’ हा शब्द मला फार आवडतो. त्याचा एक अर्थ सर्वांनी मानलेला रिवाज: लोकसंकेत, कविसंकेत. त्या अर्थाने ‘संकेतन’ हा एन्कोडिंगला चांगला प्रतिशब्द आहे. अक्षरं बाइटांत मांडणाऱ्या यूटीएफ-८सारख्या पद्धतींनाही तो लागू पडतो. पण ‘सांकेतिक’ असं विशेषण केलं की सांकेतिक भाषा, सांकेतिक खूण आठवते आणि आपण पुन्हा गुपितापाशी येतो.

माझी पसंती ‘लिपिबद्ध करणे’ला. गायकवाडी दप्तरातला मोडी कागद आज आपल्यापैकी बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून तो गुप्त ठरतो का? कारकुनाने रोजच्या कामासाठी लिहिलेला तो साधा मजकूर आहे. लिपी शिका, वाचा. बेस-६४ची गत अगदी तशीच आहे. थोडा सराव झाला की ती डोळ्यांनाही ओळखू येते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असतं, त्यामुळे नुसता देवनागरी शब्द घेतला तर प्रत्येक चिन्हाला बेस-६४ची बरोबर चार चिन्हं मिळतात, आणि त्यांची सुरुवात ‘४, मोठा के’ अशीच होते. तिसरं चिन्ह मोठा एस किंवा मोठा डब्ल्यू. ‘बडोदे’ म्हणजे तीन अक्षरं आणि दोन मात्रा, मिळून पाच चिन्हं; म्हणून बेस-६४मध्ये २० चिन्हं, आणि त्यात ही ‘४ के’ची जोडी पाच वेळा. दडवायचंच असतं तर कोणी इतकी ठळक खूण ठेवली असती का?

डीकोडला, म्हणजे याच्या उलट क्रियेला, ‘उलगडणे’ नको. उलगडतं ते कोडं. बोलताना मी ‘अक्षर लावणे’ म्हणेन. डॉक्टरांचं अक्षर लागत नाही म्हणतो, त्यातलंच हे क्रियापद. टिपणात ‘पूर्ववत करणे’ पुरे.

सयाजीरावांच्या कारभारात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ निघाला. त्यात इंग्रजी कारभारी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द शेजारी-शेजारी मांडले आहेत. ‘लिपिबद्ध’ तसाच शेजारधर्म पाळतो. गुजराती सहकाऱ्यालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

मॉड्यूलमधल्या फंक्शनचं (कोडमधल्या आज्ञेचं) नाव मात्र जसं आहे तसंच ठेवा, आणि वाक्य असं करा: ‘हे मॉड्यूल बाइटांना ६४ चिन्हांत लिपिबद्ध करते आणि तो मजकूर वाचून ते बाइट पूर्ववत करते.’ वडिलांना एकदा दाखवा.