शेतातल्या फोनचं टर्मिनल घरून

प्रश्न : जुना अँड्रॉइड फोन केळीच्या बागेत ठेवलाय. घरच्या वायफायवर त्यातलं टर्मक्स (आज्ञा टाइप करायचं टर्मिनल देणारं अ‍ॅप) लॅपटॉपवरून एसएसएचनं (दुरून टर्मिनल वापरायची सुरक्षित पद्धत) उघडतं, शेतात सिमवर नेलं की नाही. का? – एक वाचक, चोपडा

उत्तर : सिमवर बहुधा एकच बाहेरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून फोनपर्यंत थेट येता येत नाही. पोर्ट (जोडणीचा दार-क्रमांक) बदलून उपयोग नाही. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे टेलस्केल (आपल्याच उपकरणांना खासगी जाळ्यात जोडणारं अ‍ॅप) टाका, एकाच खात्यानं लॉगिन करा आणि १०० ने सुरू होणारा फोनचा पत्ता वापरा. पोर्ट ८०२२ च. एसएसएचच्या नेहमीच्या २२ साठी रूट (फोनचा पूर्ण ताबा) लागतं.

पासवर्डवर मात्र राहू नका. लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या कीची जोडी बनवणारी आज्ञा) चालवून त्यातली सार्वजनिक की फोनवर चढवा, कीनं लॉगिन होतंय हे पाहा, मगच फोनवरच्या एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये (एसएसएचडी म्हणजे एसएसएच सर्व्हर, ही त्याची सेटिंगची फाइल) पासवर्ड-ऑथेंटिकेशन बंद करा. उलट क्रमानं केलंत तर शेतात चक्कर ठरलेली.

थोड्या वेळानं तुटतं? टर्मक्स-वेक-लॉक (फोनला झोपू न देणारी आज्ञा) द्या, टर्मक्स आणि टेलस्केल दोन्हींवरचं बॅटरीचं बंधन काढा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर फोन बंद होऊन चालू झालेला असेल. एसएसएचडी पुन्हा चालवावं लागतं. ते आपोआप हवं असेल तर टर्मक्स-बूट (फोन सुरू होताच आज्ञा चालवणारं जोड-अ‍ॅप). आणि मे महिन्यात फोन पत्र्याखाली चार्जिंगला ठेवू नका, बॅटरी फुगते.