एकाच शेअरमध्ये अडकलेली श्रीमंती

प्रश्न : मी नुकतंच संपत्ती सल्लागाराचं काम सुरू केलं आहे. एक ग्राहक ज्या कंपनीत वरिष्ठ पदावर आहेत, तिच्याच शेअर्समध्ये त्यांची 70 टक्के मालमत्ता आहे. काही शेअर्स तारण ठेवून कर्जही काढलंय. विक्रीचं नाव काढलं की ते विषय बदलतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर : विक्रीचं राहू द्या, आधी कर्जाचे कागद मागवा. खरी टांगती तलवार तिथे आहे. समजा, तारणाची किंमत 100, कर्ज 50, आणि कर्ज तारणाच्या 60 टक्क्यांपुढे जाता कामा नये अशी बँकेची अट. भाव 17 टक्के पडला की ही मर्यादा ओलांडली जाते. 40 टक्के पडला, तर 60 च्या तारणावर फार तर 36 चं कर्ज चालतं. वरचे 14 तातडीने भरा, नाहीतर बँक पडत्या भावात शेअर्स विकून वसुली करणार. कंपनीच अडचणीत असेल तर त्यांचा बोनस, कदाचित नोकरीही, त्याच सुमारास जाते. हा हिशेब त्यांच्याच आकड्यांनी, त्यांच्या समोर, कागदावर मांडा. पंचवीस पानी सादरीकरणापेक्षा हे एक पान जास्त काम करतं.

मग विक्रीला बंदी असलेले शेअर्स किती, कोणती खरेदी कोणत्या तारखेची आणि काय भावाची, हे तपासा. कर त्यावरच ठरतो. ग्राहक कंपनीचे अधिकारी आहेत, म्हणून कोणत्या काळात विकता येतं आणि कोणाची परवानगी लागते, हे कंपनीकडून लेखी घ्या. इथे चूक झाली तर निस्तरणं फार जड जातं.

त्यानंतर टप्पे. 70 वरून 25 टक्क्यांवर आठ तिमाहींत यायचं, तर भाव स्थिर धरून दर तिमाहीला मालमत्तेच्या साडेपाच टक्क्यांहून किंचित जास्त विकावं लागेल. पहिल्या टप्प्याचे पैसे कर्जात, पुढचे दोन वर्षांच्या घरखर्चासाठी सुरक्षित ठेवींत. तारखा आधीच ठरवून सही घ्या. भाव ठरवलात, तर ‘जुन्या भावाला आला की विकू’ म्हणत वर्षं निघून जातात.

प्रश्न : ग्राहकाला वर्षाची दीड टक्का फी जास्त वाटते. काय सांगू?

उत्तर : त्यांचं चुकत नाही. 8 टक्के परताव्याने 100 चे 20 वर्षांत 466 होतात, साडेसहाने 352. फंडांचा अंतर्गत खर्च आणि तुम्हाला मिळणारं कमिशनही त्याच कागदावर लिहा, आणि मग त्या 114 च्या बदल्यात तुम्ही नेमकं काय करणार आहात ते सांगा.