'उभयचर' नव्हे, नौकाविमान

प्रश्न असा आला आहे : केवळ टपाल नेण्यासाठी बांधलेल्या 'लातेकोएर ३००' या फ्रेंच विमानाला मराठीत 'उभयचर विमान' म्हणावे की 'जलविमान'?

'उभयचर' मुळीच म्हणू नये. पाण्यावर उतरणारे विमान दिसले की त्याला सरसकट उभयचर ठरवण्याची खोड बातम्यांतून बळावत चालली आहे. जे पाण्यावर उतरते आणि चाकांवर धावपट्टीवरही उतरते, तेच उभयचर. लातेकोएरला उतरण्यासाठी चाके नव्हती. त्याचे पोटच नावेसारखे घडवलेले होते. 'जलविमान' चुकीचे नाही, पण फार ढोबळ आहे, कारण त्यात खाली फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे पोकळ तराफे, लावलेली विमानेही येतात. फ्रेंच अभियंते आंरी फाब्र यांनी २८ मार्च १९१० रोजी फ्रान्समधल्या मार्तिगजवळ पाण्यावरून उडवलेले यंत्र असेच फ्लोटवाले होते.

फ्रेंचमध्ये या दोन्ही प्रकारांना मिळून 'इद्राव्हियों' म्हणतात, आणि हा शब्द खरोखर उकलून पाहण्यासारखा आहे. त्यातला 'आव्हियों', म्हणजे विमान, हा शब्द फ्रेंच संशोधक क्लेमां आदेर यांनी लॅटिन 'आविस', म्हणजे पक्षी, यावरून घडवला. या 'आविस'चा सख्खा भाऊ संस्कृतात आहे : 'वि', म्हणजे पक्षीच. 'इद्र' आले ग्रीक 'हुदोर'वरून, म्हणजे पाणी. त्याचे नाते आपल्या 'उदन्'शी आहे, ज्याच्या कुळातला 'उदक' आपण 'उदक सोडणे' या प्रयोगात आजही वापरतो. म्हणजे फ्रेंचांचा हा विसाव्या शतकातला शब्द संस्कृतात बसवायचा झाला, तर तो 'उदवि' होईल!

मात्र येथूनच काही अभ्यासक उडी मारतात आणि 'विमान' म्हणजे 'वि'सारखे, पक्ष्यासारखे, अशी फोड छातीठोकपणे देतात. ती मला साफ अमान्य आहे. 'विमान'मधला 'वि' उपसर्ग आहे आणि धातू 'मा', म्हणजे मापणे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 'यो अन्तरिक्षे रजसो विमानः' असे येते. तेथे अंतराळ मापणाऱ्याचे वर्णन आहे, पाखराचा मागमूस नाही. अंतर मापीत जाणारे ते विमान, हा अर्थ पक्ष्याच्या उपमेपेक्षा कितीतरी भव्य आहे, आणि तो सोडून ध्वनिसाम्यामागे धावण्याचे कारण मला समजत नाही. ध्वनिसाम्य कसे फसवते, याचा दाखला लातेकोएरच्याच टपालमार्गावर मिळतो. पूर्वी सेनेगलमधले डकार ते ब्राझीलमधले नाताल हा समुद्रावरचा टप्पा टपाल 'आविझो' नावाच्या वेगवान जहाजांतून पार करीत असे. कानाला हा शब्द 'आविस'चा वंशज वाटतो, पण त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'पाहणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे.

त्या जहाजांची जागा घेण्यासाठीच लातेकोएर ३०० बांधले गेले. सुमारे एक टन टपाल नेण्याच्या हिशेबाने केलेल्या या विमानाला पंखावर एकामागे एक अशी दोन जोड्यांत चार इंजिने होती. पुढची ओढीत, मागची ढकलीत. त्याचे नाव 'क्रुआ-द्यू-स्यूद', म्हणजे आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो तो तारकासमूह. जानेवारी १९३४ मध्ये फ्रेंच वैमानिक झां मेर्मोझ यांनी ते सेनेगलमधून नातालला नेले. ७ डिसेंबर १९३६ रोजी उजवीकडचे मागचे इंजिन बंद करीत असल्याचा संदेश आला आणि विमान मेर्मोझ व चार सहकाऱ्यांसह अटलांटिकवर नाहीसे झाले.

तेव्हा त्याला 'नौकाविमान' म्हणावे. 'उडती नौका' वर्णन म्हणून चालेल. संज्ञा म्हणून नको, कारण तेथे मुख्य पद नौका उरते आणि लातेकोएर मुळात विमान होते. 'नौकाविमान' जोडूनच लिहावे.