वाचक विचारतात : विकातली देवी, विकातला देव

मागच्या अंकात युरोपातल्या आधुनिक निसर्गपूजक पंथांवर लेख होता. त्यात स्वतःच्या धर्माला चेटूक म्हणवणाऱ्या विका पंथाला जेमतेम दोन परिच्छेद मिळाले, पण पत्रे आली ती बहुतेक त्यांच्यावरच, आणि त्यातही देवी-देव या जोडीविषयी. त्यांतल्या काही पत्रांना ही उत्तरे.

विकात देवी मोठी की देव? दोघांच्या कामाची वाटणी कशी? आणि हा पंथ खरोखरच इसवी सनाच्या आधीचा आहे का? (फोंडा)

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहे. विका जुना नाही. मलायात जकात खात्यात नोकरी करून इंग्लंडला परतलेले जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) यांनी तो लोकांपुढे आणला. चेटकाविरुद्धचा जुना कायदा तिथे १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली गार्डनर यांचे पुस्तक आले. युरोपात पूर्वी चेटकिणी म्हणून ज्यांना मारले ते एका प्राचीन सुफलनधर्माचे लोक होते, असे मार्गारेट मरे यांनी १९२१ साली मांडले होते. गार्डनर त्याच मांडणीवर उभे होते. इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली. पंथ नवा आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. पण ‘हजारो वर्षांची अखंड परंपरा’ असे पहिल्याच पानावर लिहिणारे पुस्तक खुशाल मिटून ठेवा.

आता वाटणी. चंद्र, पृथ्वी, समुद्र, जन्म आणि पुनर्जन्म हे देवीकडे. सूर्य, रान, जनावरे, शिकार, कापणीचे धान्य आणि मरणापलीकडचा दरवाजा हे देवाकडे. यात एक मोठा फरक आहे, तो चटकन लक्षात येत नाही. देवी मरत नाही, ती रूप बदलते. देव मात्र दरवर्षी जन्मतो, वाढतो, मरतो आणि तिच्याच पोटी परत येतो. म्हणजे तो तिचा मुलगाही आणि जोडीदारही. हे नाते शब्दशः घेतले तर विचित्र वाटेल. पण बी आणि जमीन डोळ्यांपुढे आणा, मग त्यात अडण्यासारखे काही उरत नाही.

तत्त्वात दोघे समान आहेत. प्रत्यक्षात गार्डनर यांच्या परंपरेत विधीचे मंडळ, म्हणजे जमिनीवरचे वर्तुळ, आखते ती प्रमुख पुजारीण आणि शेवटचा शब्दही तिचाच. १९५३ साली दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी विधींची भाषा नव्याने घडवली, तेव्हा देवीची बाजू आणखी उजळली. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत फक्त देवीलाच मानणारी स्त्रियांची शाखाही निघाली. जुन्या शाखांत दोघांची खरी नावे दीक्षा घेतलेल्यांनाच सांगतात, म्हणून पुस्तकात छापलेली नावे बहुधा बदली नावे असतात. दोघांच्याही पलीकडे एक नाम-लिंग नसलेले तत्त्व आहे, असेही ही परंपरा मानते. त्याची पूजा मात्र क्वचितच होते. निर्गुणाचे आपल्याकडेही तेच होते.

शिंगे असलेला देव म्हणजे सैतानच ना? (मडगाव)

नाही. विकात सैतान ही कल्पनाच नाही. ती ख्रिस्ती धर्मशास्त्रातली आहे, आणि ज्याला ते शास्त्र मान्य नाही त्याला तिचा उपयोग नाही. शिंगे आली ती ग्रीकांचा रानदेव पॅन याच्याकडून आणि प्राचीन पश्चिम युरोपातल्या केल्ट लोकांचा देव केर्नुनोस याच्याकडून. पॅनला बोकडाची, केर्नुनोसला सांबराची. केर्नुनोस हे नाव पॅरिसमध्ये सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका दगडी स्तंभावर कोरलेले आहे. १८९१ साली डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेल्या चांदीच्या कढईवर मांडी घालून बसलेला शिंगवाला पुरुष आहे. आपल्याला त्याच्याकडे पाहून मोहेंजोदडोची शिंगवाली ‘पशुपती’ मुद्रा आठवते. आठवू द्यावी, पण त्यावरून नाते जोडू नये.

देवीची तीन रूपे म्हणजे महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वतीच का? (म्हापसा)

आकडा जुळतो, तेवढेच. विकातली तीन रूपे वयाची आहेत : कुमारी, माता, वृद्धा. ती चंद्राला बांधलेली आहेत : वाढती कोर, पूर्ण बिंब, घटती कोर. या रूपात ही कल्पना रूढ झाली ती रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ सालच्या लिखाणामुळे. कुमारीच्या काळात नव्या कामाचा आरंभ करतात, मातेच्या काळात ते पूर्णत्वाला नेतात आणि वृद्धेच्या काळात सोडून देतात : सवय, कर्ज, राग. आई न झालेल्या बाईने मधल्या रूपाचे काय करायचे, असा प्रश्न आता पंथातल्याच बायका विचारतात. बऱ्याच गटांनी ‘माता’ याचा अर्थ ‘काही घडवणारी’ असा घेतला आहे. आमच्या मते तो मूळ अर्थापेक्षा बरा आहे.

पौर्णिमेच्या रात्रीबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. पंचांगातली पौर्णिमा संपते त्या क्षणी चंद्र नेमका पूर्ण असतो. तिथी दुपारी बाराच्या आत संपत असेल तर आदल्या रात्री विधी करा. बारानंतर संपत असेल तर त्याच रात्री. इंग्रजी संकेतस्थळांवरची तारीख कधी कधी एका दिवसाने चुकते. ती तिकडच्या वेळेची असते, पंचांगाची चूक नसते.

‘चंद्र उतरवणे’ म्हणजे आपल्याकडे अंगात भार येतो तसेच का? (सत्तरी)

जवळचे आहे, पण तेच नाही. मंडळ आखून झाले की पुजारीण वेदीकडे पाठ करून उभी राहते, दोन्ही हात छातीवर आडवे. पुजारी तिच्यापुढे गुडघे टेकतो आणि पाच ठिकाणी चुंबन घेतो : पावले, गुडघे, ओटीपोट, छाती, ओठ. (आज बरेच गट याऐवजी नुसते हात जोडतात किंवा काठीने स्पर्शाची खूण करतात. ज्या गटात याला नाही म्हणता येत नाही तिथे जाऊ नये.) मग तो देवीला तिच्या ठायी येण्याचे आवाहन करतो. ती हात पसरते आणि देवीच्या वतीने बोलते. बहुधा ते शब्द व्हॅलिएंटे यांनी लिहिलेले आदेशवचनच असते. पौर्णिमेला जमा, हा त्यातला सुरुवातीचा भाग चार्ल्स लीलँड यांच्या १८९९ सालच्या संग्रहातून आला आहे.

आपल्याकडे भार येतो तेव्हा ढोल वाजतात, माणसाची निवड देव करतो, आणि गाव त्याला हरवलेल्या म्हशीपासून कोर्टातल्या दाव्यापर्यंत सगळे विचारून घेते. इथे माणूस, वेळ आणि बरेचदा शब्दही आधी ठरलेले असतात. कौल मागायचा नसतो, ऐकायचे असते. धालो या बायकांच्या नाचगाण्याच्या शेवटी मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र जागी, बायकांच्या अंगात रंभा येते, तिच्याशी याचे साम्य अधिक आहे. तरी मांड कायमचा असतो आणि विकाचे मंडळ दर वेळी आखायचे आणि पुसायचे असते.

चुकते ते शेवटी. पुजारीण दिवसभर उपाशी असते, धुरात अर्धा तास उभी राहते, आणि तिला चक्कर आली की लोक म्हणतात देवी आली. विधीपूर्वी दोन तास आधी हलके खावे. संपल्यावर तिला तिच्या नेहमीच्या नावाने हाक मारावी, जमिनीवर बसवावे, मीठ घातलेले काहीतरी खायला द्यावे. हे वगळले तर ती रात्रभर सैरभैर राहते.

फ्लॅटमध्ये एकटीने करायचे तर मांडणी कशी? देवी कुठे, देव कुठे? (पणजी)

जुने मंडळ नऊ फूट व्यासाचे. मध्ये खिळा धरून साडेचार फुटांची दोरी फिरवली की झाले. फ्लॅटमध्ये पाच फुटांत भागते. वेदी सहसा उत्तरेला, नाहीतर मध्ये. तुम्ही वेदीसमोर बसल्यावर डावा हात देवीचा : पांढरी किंवा रुपेरी मेणबत्ती, प्याला, शंख. उजवा हात देवाचा : पिवळी, सोनेरी किंवा तांबडी मेणबत्ती, काळ्या मुठीचा सुरा (त्याला अथामे म्हणतात) आणि धूपपात्र. या सुऱ्याने कधी काही कापत नाहीत, तो आखण्यापुरता. कापायला पांढऱ्या मुठीचा वेगळा.

आधी झाडून घ्या. वाटीत पाणी, त्यात तीन चिमटी मीठ, सुऱ्याच्या टोकाने ढवळा. मग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखे, सुरा पुढे धरून एक फेरी. त्यानंतर मिठाचे पाणी शिंपडत एक, धूप घेऊन एक. चार दिशांना बोलवा : पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. मगच देवीला, आणि तिच्यामागून देवाला. परत पाठवताना क्रम उलटा : आधी देव, मग देवी, मग दिशा. आभार न मानता दिवा फुंकून उठू नये, पाहुण्याला दार न उघडता निरोप देण्यासारखे ते.

गोव्यात बिघडते ते हवेमुळे. मिठाचे पाणी लागलेले पाते पावसाळ्यात दोन दिवसांत गंजते. तेव्हाच पुसा आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवा. धूपाच्या कोळशाच्या वड्या दमट झाल्या की पेटत नाहीत, आणि पेटल्या तर तडतडून ठिणग्या उडवतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आदल्या दिवशी ऊन दाखवा. वडी चिमट्याने धरून कडेला पेटवा, पूर्ण राखाडी होईतो थांबा, मगच मटाराएवढा धूप टाका. पात्राच्या तळाशी बोटभर वाळू हवी, नाहीतर खालचे टेबल जळते. आणि पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून कोळसा कधीही पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. फ्लॅटमध्ये अगरबत्ती पुरे, देवीची काही तक्रार नसते.

वाइन नको असेल तर? (डिचोली)

वाइन अनिवार्य नाही. प्याला म्हणजे देवी, सुरा म्हणजे देव, आणि दोघांचे मीलन दाखवायला सुऱ्याचे टोक प्याल्यात उतरवतात. गार्डनर यांच्या परंपरेत इथे गंमत आहे : प्याला पुरुष धरतो, गुडघ्यावर बसून. सुरा असतो बाईच्या हातात. एकमेकांची खूण एकमेकांनी सांभाळायची. एकटी व्यक्ती दोन हातांत दोन्ही धरते.

द्राक्षाचा रस चालतो, शहाळ्याचे पाणी चालते. कोकम सरबताचा रंग सुंदर, पण ते कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या प्याल्यात ओतू नका. आंबट रसात धातू उतरतो आणि मळमळ होते. काच किंवा स्टील घ्या. सोबत चंद्रकोरीच्या आकाराचे केक असतात. त्यासाठी ओव्हनशी झटापट कशाला? नेवरी (करंजी) जन्मतःच कोरीच्या आकाराची आहे.

त्यांचे आठ सण इथे पाळावेत का? (काणकोण)

पाळा, पण कुठे पाय घसरतो ते जाणून. साधारण २१ डिसेंबरला देव जन्मतो, १ फेब्रुवारीला पहिली जाग, २१ मार्चला दिवस-रात्र समान, १ मेला देवी-देवाचे मीलन, २१ जूनला देवाचे सामर्थ्य शिगेला, १ ऑगस्टला पहिली कापणी आणि त्याचे ओसरणे, २२ सप्टेंबरला पुन्हा समतोल, ३१ ऑक्टोबरला मृत्यू. (या शेवटच्याचे नाव लिहितात Samhain आणि उच्चारतात ‘साविन’.) काही गट वेगळी कथा सांगतात : अर्ध्या वर्षाचा ओक राजा, अर्ध्याचा हॉली राजा (दोन्ही तिकडची झाडे), आणि दोघांची झुंज. गार्डनर यांच्याकडे तर उन्हाळा देवीचा आणि हिवाळा देवाचा होता.

ही सगळी कथा इंग्लंडच्या उजेडाची आहे. लंडनला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी आणि सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून जास्त. तिथे डिसेंबरात सूर्य मेला असे खरेच वाटते. पणजीत हाच फरक साधारण सव्वाअकरा तास ते तेरा तास. २१ जूनला देव शिगेला पोचतो तेव्हा आपल्याकडे सूर्य ढगांआड असतो आणि शेतात चिखल. युरोपात या सुमारास शेकोट्या पेटतात. आपण २४ जूनला, सांजावला (सेंट जॉनच्या सणाला), कोपेल म्हणजे फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतो. दिवस जवळजवळ तोच, तत्त्व बरोबर उलटे. दुसरीकडे १ ऑगस्ट मात्र चक्क जुळतो : सासष्टीतल्या राय गावचे नव्या भातकणसांचे फेस्त ५ ऑगस्टला. दक्षिण गोलार्धातले लोक चक्र सहा महिन्यांनी फिरवतात. आपल्याला तीही सोय नाही. म्हणून इथे चंद्राचे विधी नीट बसतात, सूर्याचे ओढून बसवावे लागतात.

वेदीवर देवी म्हणून सातेरी आणि देव म्हणून रवळनाथ ठेवला तर? (पेडणे)

ठेवू नका, असे आमचे मत. सगळ्या देवी म्हणजे एकच देवी, हे विकातल्या अनेकांना मान्य आहे, सर्वांना नाही. पण सातेरी ‘कुठलीही पृथ्वीदेवी’ नव्हे. ती एका गावच्या वारुळात आहे, तिचे मानकरी आहेत, कौल आहे, दिवस आहेत. रवळनाथ तिचा जोडीदार म्हणून बसलेला नाही, आणि दर हिवाळ्यात मरून तिच्या पोटी जन्मणे तर त्याच्या कुठल्याच कथेत नाही. त्याला ती भूमिका दिली की दोन्हींकडची कथा मोडते. वेदीवर डावीकडे शंख आणि उजवीकडे जंगलातले एखादे वाळके फळ ठेवा. मूर्तीची गरज विकाला कधीच नव्हती. सातेरीकडे जायचे तर नारळ घेऊन देवळात जा.